पंचाण्णव सेंटचा मामा

औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी
पुस्तकांचा एक तारेचा स्टँड होता, फिरवला की करकरायचा.
त्याच्यावर एका उन्हाळ्यात डेलमार मामा उगवला,
वीतभर उंच, कडा पिवळ्या,
हातात कुऱ्हाड, दाढीला रक्त,
मागे आमचंच मक्याचं कोठार,
फक्त चित्रकाराने त्याला आग लावून दिलेली.

ओळखायला वेळ लागला नाही.
डावी भुवई खाणीत फुटलेली, ती तशीच फुटलेली.

सहा वर्षांपूर्वी शहरातून एक माणूस आला होता,
गरिबीचे फोटो काढतो म्हणाला.
आईने त्याला मक्याची भाकर दिली, ताक दिलं,
आणि मामाला म्हणाली, नीट उभा राहा, पाहुणा आहे.
मामा लाकडं फोडता फोडता उभा राहिला.
ऊन डोळ्यांवर, म्हणून कपाळाला आठ्या.
त्या तीन आठ्यांवर पुढे कुणीतरी न्यू यॉर्कात बसून
एकशे नव्वद पानं लिहिली.

नाव 'ओढ्यापलीकडचे'. खाली लाल अक्षरांत:
इथे गाडी बंद पडू देऊ नका.

मामाने सातही प्रती घेतल्या.
पैसे मोजताना मिसेस कॉम्ब्सनी मान वर केली नाही.
सहा चुलीत गेल्या. सातवी माझ्या मांडीवर टाकून म्हणाला,
"नीव्हा, वाच."
मामाला अक्षर येत नाही हे घरात सगळे धरूनच चालायचे.
पगाराच्या कागदावर तो फुली मारायचा.

मी दहा वर्षांची. मामा पायरीवर, घेवड्याच्या शिरा काढत.
ओहायोची चार कॉलेजातली पोरं, टायर फुटलेला,
आणि झाडीतून येणारा तो.
पहिल्या खुनापाशी माझी जीभ अडली.
म्हटलं, "मग त्याने त्यांना टायर बदलून दिला."
"बरं केलं. पुढे?"
पुढे त्याने मुलीला केसांना धरून तळघरात नेलं.
"तळघरात नेलं," मी म्हटलं, "बटाटे दाखवायला."
मामा हसला नाही.
"किती होते?"
"दोन पोती."
शेंग मोडल्याचा आवाज. "मग वर्ष बरं गेलं असणार."
शेवटच्या प्रकरणात सगळं खोरं जळतं, शेरीफ सिगारेट पेटवतो.
मी हरवलेलं खेचर परत आणलं आणि पुस्तक मिटलं.

त्याच वर्षी, पानगळीत, ओढ्यापलीकडून खरंच कुणी आलं.
पिवळी यंत्रं, आणि पणजोबांच्या फुलीचा एक कागद:
जमिनीवरचं तुमचं, खालचं आमचं.
खालचं काढायला त्यांनी वरचं ढकलून दिलं,
सफरचंदाची झाडं, कुंपण, टॅकेटांची अकरा थडगी.
विहिरीचं पाणी नारिंगी झालं.
कुणी किंचाळलं नाही. आई धुणं पुन्हा धुवायची.
ह्याचं कव्हर कुणी रंगवलं नाही.

परवा लेक्झिंग्टनच्या जुन्या बाजारात
प्लास्टिकच्या पिशवीत मामा चाळीस डॉलरला होता.
विकणारा पोरगा भला होता. म्हणाला, बघा, बाई,
असे चेहरे आता कुठे सापडतात.
मी म्हटलं, नाही सापडत.
घेतला नाही. माझ्याकडे सातवा आहे.

तो मिळाला मामाच्या डब्यात, खाणीत न्यायच्या,
छाती कोळशाने भरून मामा गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात.
कव्हर नव्हतंच. पानं मात्र सगळी,
आणि समासात पेन्सिल, बारीक, शाळेत गेल्यासारखी.

पान बारा: असे कुत्रे आमच्याकडे नाहीत.
पान एकतीस: मार्चमध्ये तंबाखू? मूर्ख.
पान साठ: कुऱ्हाड अशी धरत नाहीत, पाय जाईल.
मग बरीच पानं काही नाही.
चौऱ्याण्णववर, जिथे ती मुलगी हाका मारते,
छापलेल्या ओळींवर एकच आडवी रेघ,
आणि शेजारी:
बटाटे. दोन पोती.